वाजवून बघणारे मिस्त्री

पहिल्या दिवशी मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "किती नग हवेत आपल्याला?"

तळवड्यातल्या आमच्या शेडसमोर पाऊण रस्ता अडवणारी पांढरी गाडी थांबली होती. ड्रायव्हर दार उघडून उभा होता. उतरलेल्या गृहस्थांच्या गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची साखळी होती. मोठी ऑर्डर आली, असं मी मनात धरलं. त्यांनी चहा संपवला, कपबशी स्वतः विसळून ठेवली, शर्ट काढून त्याची नीट घडी केली, साखळी प्रथमोपचाराच्या पेटीच्या खिळ्याला अडकवली, लहान बाळांची पावडर दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळली आणि फाटक्या बनियनवर आत जाऊन कामाला लागले. मी हातात पेन धरून तशीच उभी.

"मॅडम, ते गिऱ्हाईक न्हवं," आतून धनंजय हसत म्हणाला. हा आमचा लॅमिनेटर, म्हणजे साच्यात फायबरचे थर चढवणारा, लातूरकडचा. "ते आपले मिस्त्री हायत की."

मिस्त्री पुनावळ्याच्या जुन्या घराण्यातले. गावची पहिली जमीन गेली तेव्हा त्यांना बसच्या बॉड्या बनवणाऱ्या कारखान्यात, फायबरच्या खात्यात नोकरी लागली. उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली. ते निवृत्त झाले तोवर उरलेल्या जमिनीला असा भाव आला होता, की त्यांच्या नातवंडांनीही काम केलं नसतं तरी चाललं असतं. मुलांनी इमारती बांधल्या, भाडेकरू ठेवले आणि वडिलांनी देवदर्शनाला जावं म्हणून गाडी-ड्रायव्हर दिला. वडील त्या गाडीत बसून रोज सकाळी आमच्याकडे यायचे.

एकदा त्यांच्या थोरल्या मुलाचा मला फोन आला. "मॅडम, एक विनंती होती. आमच्या वडिलांना चारचौघांत मिस्त्री म्हणू नका. पत्रिकेत आम्ही त्यांच्या नावापुढं उद्योजक छापतो."

मी हे मिस्त्रींना सांगितलं. ते ब्रशवरचं रेझिन निपटत म्हणाले, "त्याला म्हणावं, उद्योग तू कर. मी काम करतो."

आमच्या शेडमध्ये ट्रकच्या केबिनची छपरं, यंत्रांची आवरणं, बसच्या आतल्या पट्ट्या असा माल होतो. काचेच्या धाग्यांची चटई, जिला आम्ही मॅट म्हणतो, साच्यात पसरायची, तिच्यात रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, मुरवायचं, रोलर फिरवून आतली हवा काढायची आणि वाळू द्यायचं. माझ्याकडे नियोजन, तपासणी आणि माल रवाना करणं. मला याद्या लागतात. घरी किराण्याची, औषधांची, लग्नात कुणी काय आहेर केला त्याची यादी असते, तर शेडमध्ये असणारच. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक कामाचा कागद लावलेला, प्रत्येक ओळीपुढे चौकोन. मिस्त्री त्या फळ्यासमोरून दिवसातून वीसदा जात, पण मान वळवून बघत नसत. वाचता येत नव्हतं असं नाही, पेपर ते शेवटच्या पानापर्यंत वाचत.

त्यांची यादी म्हणजे दोन रुपयांचं एक जुनं, जाड नाणं. साच्यातून निघालेला प्रत्येक नग ते त्या नाण्याने वाजवत. टण् आवाज आला की पुढे. थप् आवाज आला की आत हवा राहिली, थर सुटलेत. तिथे खडूने गोल. मी यंत्र आणायचं सुचवलं तर म्हणाले, "आणा की. त्येला बी वाजवून बगू."

पण हा माणूस फक्त माल वाजवून थांबला असता तर लिहिण्याजोगं काय होतं? ते कलिंगड वाजवत, ते ठीक. ते दुकानातली कपाटं वाजवत, मंगल कार्यालयाचे खांब वाजवत. धाकट्या मुलाने मुहूर्त काढून नव्या टॉवरमध्ये वास्तुशांत घातली, तेव्हा मीही गेले होते. भटजींचा होम चालू, पाहुणे मांडीला मांडी लावून बसलेले, आणि यजमानांचे वडील खाली बसून फरशी वाजवत हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत होते.

"ही पोकळ. ही बी पोकळ. वहिनी, जरा पाय उचला. हां, ही बी."

अकरा फरश्यांवर खडूचे गोल उठले. मुलगा लालपिवळा होत होता. बिल्डरचा माणूस पाहुणा म्हणून आला होता, तो न जेवताच गेला. जेवताना पंगती त्या गोलांना वळसा घालून बसल्या. पुढे त्या अकराही फरश्या उखडून बसवाव्या लागल्या.

डॉक्टरांचंही तसंच. छातीत काचेची धूळ बसलेली, खोकला होता. एका नव्या डॉक्टरकडून आले आणि खूश होऊन सांगायला लागले, "ह्यो डॉक्टर बरा हाय, मॅडम. पाठीवर बोटं ठेवून वाजवून बगतोय. आधीचा नुस्ता कागद बगायचा." त्या बऱ्या डॉक्टरनेच त्यांचं शेडला येणं बंद करायला लावलं. आता ते येत नाहीत. पण ते नंतरचं.

मी एकदा विचारलं होतं, "मिस्त्री, तुम्ही सगळ्या जगाला ठोके मारता. माणसांचं काय करता?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "माणसाचं काय करायचं? वस्तूला जीभ न्हाई, म्हणून वाजवायची. माणसाला इचारलं की झालं."

तेव्हा मला हे ऐकून हसू आलं होतं.

बोट आमच्याकडे आली ती फाल्गुनात, ट्रेलरवरून. तळवड्यात बोट! आजूबाजूच्या शेडमधली माणसं मशिनं बंद करून बघायला आली. चार मीटरची जुनी शिडाची होडी, फायबरची, रंग उडालेला. मालकीण सई, वाकडला राहणारी, आयटीत काम करणारी, चाळिशीच्या आतबाहेरची बाई. शिडाची होडी चालवायला ती उशिरा शिकली होती आणि शिकल्यावर तिला दुसरं काही सुचत नव्हतं. रविवारी मावळातल्या एका धरणावर जायचं आणि एकटीने होडी काढायची.

"एकटीनं?" मिस्त्रींनी विचारलं.

"एकटीनंच काका. दुसरं माणूस बसलं की बोलत बसतं."

हे उत्तर त्यांना आवडलं असावं. त्यांनी खिशातून नाणं काढलं.

तळाला बोटभर लांबीची चीर होती. सईच्या मते काम एवढंच, चीर बुजवायची आणि रंग द्यायचा. मी कागदावर तसंच लिहिलं, दोन दिवस धरले. मिस्त्री ट्रेलरखाली उताणे झोपले आणि वाजवायला लागले. टण् टण् टण् थप्. खडूचा ठिपका. मग आणखी एक. अर्ध्या तासाने ते ठिपके त्यांनी जोडले तेव्हा परातीएवढा गोल झाला.

"अहो काका, चीर एवढीशी आहे!"

"चीर वरची हाय, ताई. वरचीला कोण इचारतंय."

आणि त्यांनी ग्राइंडर लावला. पांढरी धूळ उडाली. सई मागे सरली. बघता बघता मिस्त्रींनी त्या गोलातला माल खरवडून काढला आणि होडीच्या तळातून पलीकडचा उजेड दिसायला लागला. सई किंचाळली. मीही ओरडले असेन. आलेल्या वस्तूला आपण भोक पाडतो आहोत, हे पचायला मला वेळ लागला. दुरुस्तीला आलेली होडी दहा वाजता तरंगली असती, साडेअकराला ती बुडाली असती.

मिस्त्रींनी खरवडलेल्यातला एक तुकडा आमच्यापुढे धरला. गुलाबी, बोटभर जाड. "वळखा."

धनंजयने लगेच ओळखलं. "ही तर गाडीची पुट्टी!"

कधीतरी, कुठल्यातरी आधीच्या मालकाने होडी गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याकडे नेली होती. त्याने बंपरला भरतात तशी पुट्टी भरून वरून रंग मारला होता. काचेचा एक धागा आत नाही. तेवढ्यावर ही बाई दोन वर्षं धरणाच्या मधोमध जात होती. सई ट्रेलरच्या चाकावर बसली.

"पोहता येतं ना?" मी विचारलं.

"येतं," ती म्हणाली. "पण मला वाटलं होतं, त्याची गरज नाही."

त्या दिवशी मी जुना कागद फाडून नवा केला. चौदा ओळी झाल्या. तळाचं काम मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने केलं आणि ते बघताना मला पहिल्यांदा कळलं, की भोक बुजवतात कसं. कडा सरळ ठेवायची नाही. ती बशीसारखी उतरती घासायची, जितकी जाडी तिच्या बारापट लांब उतार. मग मॅटचे तुकडे एकावर एक, प्रत्येक थोडा वेगळ्या मापाचा. नवीन माल जुन्यात चढत गेला पाहिजे. "ठिगळ लावायचं न्हाई," ते म्हणत. "सोयरीक करायची."

खरी अडचण मागे निघाली. होडीच्या मागच्या उभ्या फळीला सुकाणू टांगलेलं असतं. वाऱ्याचा सगळा जोर तिथे येतो. तिथे वरून फायबर आणि आत लाकडाची प्लाय. मिस्त्रींनी वाजवलं, आवाज मेलेला. आतल्या बाजूने तळहाताएवढी खिडकी कापली तर प्लाय काळी, ओली. सुदैवाने कुजलेली नव्हती.

"ही ओल गेल्याबिगर वर फायबर चढवायचं न्हाई. धरणारच न्हाई त्ये."

ओल तपासायची त्यांची पद्धत साधी होती. उघड्या लाकडावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून बसवायचा आणि होडी उन्हात ठेवायची. दुपारी प्लास्टिकच्या आतून घाम धरला, तर ओल आहे. प्लास्टिक काढायचं, लाकूड उघडं वाळू द्यायचं, पुन्हा लावून बघायचं. घाम धरायचा थांबला की तयार. माझ्या कागदावर ती सहावी ओळ होती: मागच्या फळीतली ओल गेली.

इथे मला आमच्या धंद्याची एक सवय सांगायला हवी. गाडीच्या कंपन्यांना जाणाऱ्या प्रत्येक खेपेबरोबर तपासणीचा कागद जावा लागतो. चाकणचा ट्रक ठरल्या मिनिटाला गेटवर येतो आणि थांबत नाही. म्हणून कागद आदल्या दिवशीच भरून ठेवायचा. ओके, ओके, ओके, खाली सही. मग तपासायचं. तपासणीत काही निघालं तर कागद बदलायचा. पण बहुतेक वेळा निघत नसे आणि हळूहळू तपासणी मागे राहून कागदच पुढे जायला लागला होता. आसपासच्या दहा शेडमध्ये हीच रीत. मी ती शिकले, आणि नंतर नव्या मुलींना शिकवलीसुद्धा.

चैत्रात मिस्त्रींच्या गावची जत्रा. मानाचं घर, चार दिवस ते येणार नव्हते. जाताना बजावून गेले, "मागली फळी उघडीच ठेवा. घाम बगा."

सईच्या सोसायटीने तिला पार्किंगची वेगळी जागा द्यायचं कबूल केलं होतं, पण सोमवारपर्यंत होडी तिथे लागली तर. सोमवारची तारीख मी कागदाच्या डोक्यावर लाल पेनाने लिहिली. आणि गुरुवारी, चाकणच्या मालाचे कागद भरता भरता, त्याच हाताने होडीचाही भरला. चौदा ओळी, चौदा ओके. शुक्रवारी मी फोनवर होते, पलीकडून ट्रकवाला ओरडत होता. धनंजय दारात आला.

"मॅडम, सहा नंबर ओके लिवलंय. बंद करू का मागचं?"

मी मान हलवली.

एवढंच. मान हलवली.

सोमवारी मिस्त्री आले ते कानात गुलाल घेऊन. होडी आरशासारखी झाली होती. पांढरी, कडांना निळी रेघ. सई पेढे घेऊन आलेली, ट्रेलर जोडलेला. मिस्त्री होडीभोवती एक फेरी मारून मागे थांबले. खिशात हात घालून त्यांनी नाणं काढलं. मग माझ्याकडे वळले.

"घाम धरायचा थांबला व्हता?"

"हो."

"तुमी सोता बघितलं?"

"हो," मी म्हणाले.

का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कंपन्यांचे तपासनीस येतात आणि विचारतात, तेव्हा जसं आपोआप तोंडातून येतं तसं आलं. मला वाटलं, विचारतील आणि वाजवतील. जगात असं काहीच नव्हतं जे त्यांनी वाजवल्याशिवाय सोडलं. मी तर त्या ठोक्याची वाट बघत होते. थप् झालं असतं आणि माझी सुटका झाली असती.

त्यांनी नाणं परत खिशात टाकलं.

ज्याने पोराच्या घराची फरशी भर वास्तुशांतीत सोडली नाही, तो माणूस माझ्या एका शब्दावर मागे फिरला होता.

सईने विचारलं, "म्हणजे मी बिनधास्त जाऊ ना, काका? रविवारी वारा चांगला आहे म्हणतायत."

"जावा, ताई. बिनघोर जावा. मॅडमनी सोता बघितलंय."

सई गाडीत बसली, तिच्या ड्रायव्हरने गाडी सुरू केली. ट्रेलर हलला. मी फळ्यावरच्या कागदाकडे बघत होते. माझीच सही, सुवाच्य. ट्रेलर गेटमधून अर्धा बाहेर गेला आणि मी धावले. या वयात, साडीत, शेडमधल्या सगळ्यांसमोर मी गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात आपटले.

"थांबा! मी बघितलं नव्हतं!"

सई खाली उतरली. "काय नव्हतं बघितलं?"

"मागची फळी. ओल. प्लास्टिकला घाम आहे का, ते मी बघितलंच नाही. आधीच लिहून ठेवलं होतं."

"तुम्ही आत्ता दोन मिनिटांपूर्वी त्यांना हो म्हणालात," सई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी तिथेच उभी होते."

मी मिस्त्रींकडे बघितलं. रागावलेला माणूस मला कळतो, त्याला उत्तर देता येतं. ते रागावलेले नव्हते. कुणीतरी अचानक थोबाडीत मारावी आणि मारणारा कोण हेच कळू नये, असा त्यांचा चेहरा झाला होता.

"मग हो कशापायी म्हणला?" त्यांनी विचारलं.

ते मला बोलत नव्हते. खरंच विचारत होते. लहान मूल विचारतं तसं, उत्तराची वाट बघत. मग त्यांनी ट्रेलर आत घ्यायला लावला.

त्यांना ग्राइंडर लागलाच नाही. नव्या पॅचची कड त्यांनी पटाशीने जराशी उचलली आणि दोन बोटांत धरून ओढली. दुधावरची साय निघावी तसा सगळा पॅच निघून आला. खालून पांढरट, चिकट. ओल्या लाकडाला रेझिनने धरलंच नव्हतं. प्लायवरून पाण्याचा एक थेंब ओघळला, सुकाणूच्या बोल्टाशी थांबला आणि खाली पडला. सईने तोंडावर हात ठेवला. याच फळीवर भर वाऱ्यात तिचं सुकाणू टांगलेलं असणार होतं.

धनंजय पुटपुटला, "मी ओके बघून बंद केलं, मिस्त्री. मला काय ठाव?"

"तुजं काय न्हाई त्यात." मिस्त्री सईकडे वळले. "ताई, चूक माजी. मी वाजवलं न्हाई."

"मिस्त्री, चूक माझी आहे," मी म्हणाले.

"तुमची तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. मी माजी सांगतोय."

सईने पेढ्यांचा पुडा गाडीत परत ठेवला. "बोट इथेच राहू दे," ती म्हणाली. "सोसायटीचं मी बघते. पण आता मी येऊन उघड्या डोळ्यांनी बघणार."

त्या आठवड्यात मी नोकरीचा राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. मालकांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, की मिस्त्री तुमच्याबद्दल काही बोलले नाहीत, तेव्हा मीही बोलत नाही. मी मनाशी ठरवलं होतं, आता मिस्त्री माझा शब्द घेणार नाहीत. मी भरलेला प्रत्येक कागद, मी पास केलेला प्रत्येक नग ते वाजवतील, आणि ते योग्यच होईल. मी त्याची तयारी करून बसले होते.

मंगळवारी सकाळी प्लास्टिक पुन्हा लागलं. दुपारी ते साच्यावर वाकलेले होते, तिथूनच मान वर न करता त्यांनी हाक मारली.

"मॅडम, घाम?"

शेडमध्ये सगळे थांबले. मला आधी कळलंच नाही, की ते मलाच विचारतायत. मी उन्हात गेले, प्लास्टिक बघितलं. आतून बारीक दाणे धरले होते.

"आहे."

"बरं," ते म्हणाले आणि रोलर फिरवत राहिले. उठून बघायला आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. "मॅडम, घाम?" "आहे." "बरं." आवाजात ना टोमणा, ना परीक्षा. त्यांनी वाजवलं असतं तर मला सोपं गेलं असतं. माझ्यावरचा भार नाण्यावर गेला असता. पण माणसाला विचारायचं, ही त्यांची रीत एका खोट्या उत्तराने बदलणारी नव्हती. मी त्यांना समजूतदार म्हणणार नाही, ते अडाणीपणाने हट्टी होते. मी मात्र रोज दुपारी एक वाजता त्या प्लास्टिकपुढे गुडघे टेकून बसायला लागले. एक दिवस दाणे नव्हते. मी तरीही घाम गेला असं लगेच सांगितलं नाही. प्लास्टिक काढलं, नवं लावलं, आणखी तीन दुपारी थांबले, तळहात ठेवून बघितला.

"नाही," चौथ्या दिवशी मी म्हणाले. "घाम नाही."

"मग चला, मॅट कापा," मिस्त्री धनंजयला म्हणाले.

यादी मी अजूनही ठेवते. पण आधी भरून ठेवत नाही. त्यापायी चाकणचा ट्रक दोनदा रिकामा गेला, मालक ओरडले, मी ओरडू दिलं.

वैशाखात सईने आम्हाला धरणावर बोलावलं. मिस्त्री पांढरे कपडे घालून, टोपी घालून आले होते. उभं आयुष्य फायबरमध्ये घालवलेल्या या माणसाने शिडाची होडी पाण्यावर चालताना कधी बघितलीच नव्हती. काठावरच्या सावलीत आम्ही दोघं बसलो. सईने जॅकेट बांधलं, सुकाणू दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितलं, शीड वर ओढलं आणि होडी लोटली.

पहिली दहा मिनिटं मिस्त्री नुसते बघत होते. मग मधोमध वारा आला. शीड फुगलं आणि होडी एका अंगावर कलली, चांगली कलली, सई पलीकडच्या कडेवर बाहेर झुकून बसली.

"अवं, पडली! पडली!" मिस्त्री ताडकन उठले. "ताई, धरा! मॅडम, पडली ती!"

"नाही मिस्त्री, वाऱ्यानं अशीच कलते. सईनं सांगितलं होतं मला."

"आमी असली वाकडी केली न्हवती!"

"ती तशीच चालते."

त्यांचा विश्वास बसत नव्हता. नाण्याचं इथे काही काम नव्हतं, होडी पार पलीकडे गेली होती. होडी आणखी कलली तसे ते पाण्याकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून मटकन खाली बसले.

"माज्यानं बगवत न्हाई," ते म्हणाले. "तुमी बगा."

मी पदर डोळ्यांवर आडवा धरला. ऊन पाण्यावरून उलटं येत होतं.

"पडली का?"

"नाही."

वाऱ्याचा आणखी एक झोत आमच्यावरून पाण्याकडे गेला.

"आता?"

मी बघितलं. शीड, मग सईचं डोकं, मग मागे सुकाणू. मग म्हणाले, "नाही."